सिनेटमधील वानप्रस्थाचा प्रश्न

अमेरिकन सिनेटच्या सुमारे एक तृतीयांश जागांसाठी दर दोन वर्षांनी निवडणूक होते. ती जवळ येऊ लागली की कोण निवडून येणार याच्या आधी कोण उभे राहणार आणि कोण निवृत्त होणार, याचीच चर्चा सुरू होते. २०२६ च्या निवडणुकीसंबंधी ही चर्चा २०२५ च्या आरंभीच सुरू झाली. केंटकीचे रिपब्लिकन सिनेटर मिच मॅकॉनेल यांनी २० फेब्रुवारी २०२५ रोजी, म्हणजे वयाला ८३ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, आपण पुन्हा उभे राहणार नाही असे जाहीर केले. मार्चमध्ये न्यू हॅम्पशायरच्या ७८ वर्षांच्या जीन शाहीन यांनी आणि एप्रिलमध्ये इलिनॉयचे ८० वर्षांचे डिक डर्बिन यांनी तोच मार्ग पत्करला. हे दोघे डेमोक्रॅटिक पक्षाचे. त्याच पक्षाचे मॅसॅच्युसेट्सचे एडवर्ड मार्की यांनी मात्र ऐंशीच्या उंबरठ्यावर असतानाही आणखी सहा वर्षांसाठी मतदारांपुढे जाण्याचा निश्चय कायम ठेवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांच्याहून ३२ वर्षांनी लहान असलेले, त्यांच्याच पक्षाचे प्रतिनिधिगृहातील सदस्य सेथ मोल्टन यांनी त्यांना आव्हान दिले. एकाच पिढीतील माणसांनी एकाच प्रश्नाला दिलेली ही दोन उत्तरे आहेत.

महाराष्ट्रातील शिक्षकाला किंवा सरकारी कचेरीतील कारकुनाला हा प्रश्न पडतच नाही. वयाची ५८ वर्षे पूर्ण झाली की तो शालश्रीफळ घेऊन घरी जातो. त्याची इच्छा कोणी विचारत नाही. खुद्द अमेरिकेत प्रवासी विमानाच्या वैमानिकाला ६५ व्या वर्षी आणि विमानतळावरील वाहतूक नियंत्रकाला ५६ व्या वर्षी काम सोडावे लागते. देशाचे कायदे करणारा, न्यायाधीशांच्या नियुक्त्यांना संमती देणारा आणि परराष्ट्रांशी होणाऱ्या तहांवर मत देणारा सिनेटर मात्र आपण केव्हा थांबायचे हे स्वतःच ठरवतो. हे स्वातंत्र्य असावे की नसावे, एवढ्यापुरताच हा वाद मर्यादित नाही. हा निर्णय घेताना त्याच्यापुढे कोणाचे हित असते, हा खरा प्रश्न आहे.

तिशीची अट, शेवटाची नाही

अमेरिकन राज्यघटनेने सिनेटरसाठी किमान ३० वर्षे वयाची अट घातली. कमाल वयाविषयी ती मौन पाळते. सहा वर्षांची मुदत, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्यांची निवृत्ती आणि ३० वर्षांची किमान मर्यादा ही वैशिष्ट्ये आपल्या राज्यसभेतही आढळतात. सिनेट हा शब्दच मुळी वृद्ध या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. लोकभावनेच्या लाटेबरोबर वाहून न जाणारे, अनुभवाने संथ झालेले सभागृह घटनाकारांना हवे होते. तेव्हा सिनेटमध्ये वृद्ध माणसे असावीत यात विपरीत काहीच नाही. विपरीत आहे ते एवढेच की, तेथील जागा रिकामी होण्याचा स्वाभाविक क्रम हळूहळू मंदावत गेला आहे.

व्हरमॉन्ट या लहानशा राज्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्या राज्याचे रिपब्लिकन सिनेटर जॉर्ज एकन यांची लोकप्रियता अशी होती की, १९६८ च्या निवडणुकीत त्यांना अवघा १७ डॉलर ९ सेंट खर्च आला. १९७४ मध्ये त्यांनी उभे न राहण्याचे ठरवले आणि १९७५ च्या जानेवारीत, वयाच्या ८२ व्या वर्षी, ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी ३४ वर्षांचे पॅट्रिक लेही आले. हे लेही पुढे ४८ वर्षे सिनेटमध्ये राहिले आणि २०२३ च्या जानेवारीत तेही वयाच्या ८२ व्या वर्षीच निवृत्त झाले. त्यांच्या जागी जे पीटर वेल्च निवडून आले, त्यांचे वय होते ७५. वेल्च यांची योग्यता वादातीत असेल. परंतु एका पिढीने जागा सोडली तेव्हा ती ३४ वर्षांच्या वकिलाला मिळाली आणि त्या वकिलाने ती सोडली तेव्हा रांगेतला पुढचा माणूसच पंच्याहत्तरीला आलेला होता. वृद्ध सिनेटर दीर्घकाळ थांबले की केवळ तेच वृद्ध होत नाहीत. त्यांच्यामागे उभी असलेली रांगही वृद्ध होते.

थांबण्याची कारणे

माणसाला सत्तेचा मोह सुटत नाही, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढणे सोपे आहे. तो मोह असतोच. तथापि वृद्ध सिनेटरच्या अवतीभवती जे लोक असतात त्या प्रत्येकाला त्याने थांबावे असे वाटण्यास सबळ कारण असते, हे अधिक महत्त्वाचे आहे.

सिनेटमध्ये ज्येष्ठतेला मोल आहे. समित्यांवरील स्थान आणि अध्यक्षपद बव्हंशी सेवेच्या वर्षांवर अवलंबून असते. त्यामुळे जुन्या सिनेटरला घरी बसवणे म्हणजे राज्याने अनेक दशकांत साठवलेली पुंजी एका दिवसात उधळण्यासारखे असते. वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड १९५९ पासून २०१० मध्ये ९२ व्या वर्षी निधन होईपर्यंत, म्हणजे ५१ वर्षे, सिनेटमध्ये होते. सरकारी खर्चाला मंजुरी देणाऱ्या विनियोजन समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे दीर्घकाळ होते आणि त्या डोंगराळ, गरीब राज्यात केंद्राच्या पैशातून उभ्या राहिलेल्या कितीतरी रस्त्यांना व इमारतींना त्यांचे नाव आहे. अशा माणसाला मत देणारा खाणकामगार भावनेच्या आहारी जाऊन मत देत होता, असे म्हणता येणार नाही. त्याचा हिशेब बरोबर होता.

सिनेटरच्या कचेरीतील सहायकांचाही हिशेब असतो. त्यांची नोकरी सरकारी खात्यातील नोकरीसारखी कायम नसते. सिनेटर गेला की त्याची कचेरीही बरखास्त होते. भाषणे लिहिणारे, विधेयकांचे मसुदे तपासणारे, सभागृहाच्या दारापर्यंत सोबत करणारे हेच लोक वृद्ध नेत्याची दुर्बलता सर्वांत आधी पाहतात आणि तिच्याविषयी सर्वांत शेवटी बोलतात.

पक्षांचा हिशेब याहून रोकडा असतो. विद्यमान सिनेटर उभा राहिला की नाव परिचित असते, देणगीदार ठरलेले असतात आणि पक्षांतर्गत भांडणे टळतात. १९७२ मध्ये डेलावेअरचे रिपब्लिकन सिनेटर कॅलेब बॉग्ज यांना निवृत्त व्हायचे होते. त्यांचे वय ६३ होते. जागेसाठी पक्षात झगडा होऊ नये म्हणून अध्यक्ष निक्सन आणि इतर नेते यांनी त्यांना उभे राहण्यास राजी केले. मन नसलेले बॉग्ज उभे राहिले आणि २९ वर्षांच्या एका तरुणाकडून थोड्या मतांनी पराभूत झाले. त्या तरुणाचे नाव जो बायडेन. पुढे ५२ वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, ८१ वर्षांच्या अध्यक्ष बायडेन यांना त्यांच्याच पक्षाच्या दडपणामुळे ऐन निवडणुकीच्या तोंडावर माघार घ्यावी लागली. १९७२ मध्ये एका पक्षाने थकलेल्या माणसाला निवृत्त होऊ दिले नाही. २०२४ मध्ये दुसऱ्या पक्षाने निवृत्तीचा विषय इतका लांबवला की पर्यायाचा विचार करण्यास वेळच उरला नाही. दोन्ही वेळा चूक एकच होती. वारस तयार करण्याच्या कामापेक्षा आहे ती व्यवस्था रेटणे सोयीचे वाटले.

किंमत कोण मोजतो?

या सोयीची किंमत कधीकधी साऱ्या देशाला मोजावी लागते. सिनेटर मुदत पूर्ण होण्यापूर्वी गेला तर बहुतेक राज्यांत तेथील गव्हर्नर तात्पुरती नेमणूक करतो. २००१ च्या आरंभी सिनेटमध्ये दोन्ही पक्षांचे बळ पन्नास-पन्नास असे समसमान होते. साउथ कॅरोलायनाचे रिपब्लिकन सिनेटर स्ट्रॉम थर्मंड तेव्हा ९८ वर्षांचे होते आणि त्या राज्याचे गव्हर्नर होते डेमोक्रॅटिक पक्षाचे. साहजिकच जगातील सर्वांत बलाढ्य विधिमंडळातील बहुमत एका वृद्धाच्या प्रकृतीवर अवलंबून राहिले. थर्मंड यांनी १९९६ ची निवडणूक ९३ व्या वर्षी लढवून जिंकली होती. पदावर असतानाच त्यांनी शंभरी गाठली, २००३ च्या जानेवारीत ते निवृत्त झाले आणि जूनमध्ये निधन पावले.

कॅलिफोर्नियाच्या डायान फाइनस्टाइन यांची हकीकत अधिक क्लेशदायक आहे. १९९२ पासून निवडून येत असलेल्या या कर्तबगार स्त्रीने २०१८ मध्ये ८५ व्या वर्षी पुन्हा निवडणूक लढवली. त्यांच्याच पक्षाच्या राज्य कार्यकारिणीने त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला पाठिंबा दिला होता. तरीही त्या विजयी झाल्या. २०२३ च्या फेब्रुवारीत त्यांनी पुढील निवडणूक न लढवण्याचे जाहीर केले आणि त्याच सुमारास नागिणीच्या आजाराने त्या अंथरुणाला खिळल्या. न्यायविषयक समितीत त्यांच्या पक्षाचे अकरा आणि विरोधकांचे दहा सदस्य होते. त्यांच्या गैरहजेरीत समिती बरोबरीत अडकली आणि विरोधकांचा पाठिंबा नसलेल्या न्यायाधीशांच्या नेमणुका मे महिन्यात त्या परतेपर्यंत रखडल्या. समितीवर तात्पुरता दुसरा सदस्य घेण्याचा प्रयत्न विरोधकांनी हाणून पाडला. राजीनामा द्यावा, असे उघडपणे म्हणणारे स्वपक्षीय थोडेच होते. सप्टेंबर २०२३ मध्ये, ९० व्या वर्षी, पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौर म्हणून आणि नंतर सिनेटर म्हणून त्यांनी केलेल्या कामाची आठवण व्हावयाची, तर शेवटच्या महिन्यांतील चाकांच्या खुर्चीचेच चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे राहिले. त्याच वर्षी जुलैमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये मॅकॉनेल वार्ताहरांसमोर बोलता बोलता काही क्षण निश्चल होऊन थांबले, ते दृश्यही साऱ्या देशाने पाहिले.

याहून गंभीर शक्यताही आहे. सिनेटचे हंगामी अध्यक्षपद प्रथेने बहुमतातील सर्वांत ज्येष्ठ सदस्याला मिळते आणि १९४७ च्या कायद्यानुसार उपाध्यक्ष व प्रतिनिधिगृहाचे सभापती यांच्यानंतर राष्ट्राध्यक्षपदाचा वारसा त्याच्याकडे जातो. १९६३ च्या नोव्हेंबरमध्ये केनेडी यांची हत्या झाली तेव्हा उपाध्यक्षपद रिकामे झाले. नवे अध्यक्ष जॉन्सन यांच्यामागे ७१ वर्षांचे सभापती आणि त्यांच्यामागे सिनेटचे ८६ वर्षांचे कार्ल हेडन, अशी क्रमवारी उरली. उपाध्यक्षाची जागा भरण्याची सोय करणारी पंचविसावी घटनादुरुस्ती १९६७ मध्ये झाली, तिच्यामागे ही अस्वस्थताही होती. हंगामी अध्यक्षपदाची प्रथा मात्र तशीच राहिली. २०२५ च्या जानेवारीत आयोवाचे चार्ल्स ग्रासली यांनी ९१ व्या वर्षी ते पद पुन्हा स्वीकारले. २०२२ मध्ये ८९ व्या वर्षी निवडून आलेल्या ग्रासली यांची मुदत संपते ती ९५ व्या वर्षी.

वय हाच निकष नव्हे

असे असले तरी केवळ जन्मतारीख पाहून निकाल देणे न्यायाचे होणार नाही. याच ग्रासली यांनी १९९३ पासून २०२० पर्यंत, सत्तावीस वर्षांहून अधिक काळ, सिनेटमधील एकही मतदान चुकवले नव्हते. राज्यातील सर्व ९९ काउंटींना दर वर्षी भेट देण्याचा त्यांचा नेम प्रसिद्ध आहे. मार्की यांना २०२० मध्येही पक्षांतर्गत आव्हान मिळाले होते आणि ते देणारे होते केनेडी घराण्यातील ३९ वर्षांचे जोसेफ केनेडी. हवामानबदलाविषयी मार्की यांनी घेतलेल्या भूमिकेमुळे तरुण कार्यकर्ते मोठ्या संख्येने या ७४ वर्षांच्या उमेदवाराच्या बाजूने उभे राहिले आणि केनेडी पराभूत झाले. व्हरमॉन्टचे बर्नी सँडर्स २०२४ मध्ये ८३ व्या वर्षी निवडून आले, तेही आपल्या विचारांशी निष्ठावंत राहिलेल्या मतदारांच्या बळावर. विचारांचे तारुण्य आणि शरीराचे तारुण्य एकाच पंचांगावर मोजता येत नाही.

बदलासाठी बदल कसा अंगाशी येतो, याचा धडा इंडियानाने २०१२ मध्ये घेतला. त्या राज्याचे रिचर्ड लुगार हे परराष्ट्रव्यवहाराचे जाणते सिनेटर. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर तेथील अण्वस्त्रे मोडीत काढण्यासाठी अमेरिकेने साहाय्य द्यावे, ही १९९१ ची योजना त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाचे सॅम नन यांच्या सहकार्याने पुढे नेली होती. ८० व्या वर्षी सातव्या मुदतीसाठी उभे राहिलेल्या लुगार यांचा त्यांच्याच पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत रिचर्ड मर्डॉक यांनी पराभव केला आणि नोव्हेंबरमध्ये मर्डॉक यांनी ती जागा डेमोक्रॅटिक पक्षाला गमावली. लुगार आपण होऊन निवृत्त झाले असते, तर पक्षाला अधिक समतोल वारस मिळाला असता, असे म्हणणारे म्हणतील. त्यात तथ्य आहे. पण त्यांचा दोष त्यांच्या वयात नव्हता, हेही तितकेच खरे आहे.

कायद्याची मर्यादा

मग कायद्याने वयोमर्यादा घालावी काय? जून २०२४ मध्ये नॉर्थ डकोटाच्या मतदारांनी तसा प्रयत्न केला. मुदत संपण्यापूर्वी ज्याचे वय ८१ होईल, अशा व्यक्तीला त्या राज्यातून काँग्रेसची निवडणूक लढवता येऊ नये, अशी तरतूद त्यांनी बहुमताने संमत केली. तथापि राज्यघटनेने सांगितलेल्या पात्रतेत राज्यांना स्वतःची भर घालता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच आर्कान्सॉच्या प्रकरणात पाच विरुद्ध चार मतांनी दिला आहे. तेव्हा उरतो तो घटनादुरुस्तीचा मार्ग. त्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि पन्नासांपैकी ३८ राज्यांची संमती हवी. म्हणजे ज्यांना घरी पाठवावयाचे त्यांनीच आपल्या निरोपाच्या ठरावाला हात वर करावयाचा. कॅनडाने १९६५ मध्ये आपल्या सिनेटरांसाठी ७५ वर्षांची मर्यादा घातली. परंतु तेथील सिनेटर नेमलेले असतात. लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधीला कायद्याने दूर करणे म्हणजे लोकांचाही एक अधिकार काढून घेणे होय, हा आक्षेप अमेरिकेत तरी सहज झटकून टाकता येणार नाही.

शिवाय राजकारणी माणसाच्या आरंभीच्या प्रतिज्ञांवर विसंबून चालत नाही. १९७६ मध्ये यूटा राज्यात ऑरिन हॅच या ४२ वर्षांच्या वकिलाने सिनेटर फ्रँक मॉस यांचा पराभव केला. मॉस यांनी वॉशिंग्टनमध्ये अठरा वर्षे काढली, आता त्यांनी घरी परतावे, हा त्यांच्या प्रचाराचा एक मुद्दा होता. विजयी झालेले हॅच स्वतः मात्र ४२ वर्षे वॉशिंग्टनमध्ये राहिले आणि ८४ व्या वर्षी निवृत्त झाले. इतरांची अठरा वर्षे फार वाटतात. स्वतःची चाळीस वर्षे अपुरी वाटतात.

खरा उपाय त्यामुळे सभागृहाच्या आणि पक्षांच्या नियमांत शोधावा लागेल. थांबण्यात जो लाभ आहे तो कमी झाला तर थांबणारेही कमी होतील. रिपब्लिकन सिनेटरांनी १९९० च्या दशकात समितीचे अध्यक्षपद सहा वर्षांपुरते मर्यादित करणारा नियम स्वतःला लावून घेतला, तो योग्य दिशेचा होता. हंगामी अध्यक्षपद ज्येष्ठतेऐवजी निवडीने द्यावे, दीर्घ आजारात समितीवर बदली सदस्य घेण्याची सोय असावी, पक्षांनी विद्यमान सदस्याला आंधळा पाठिंबा न देता खुली स्पर्धा होऊ द्यावी, या गोष्टींना घटनादुरुस्ती लागत नाही. इच्छाशक्ती मात्र लागते.

मतदारांनाही एक साधा हिशेब करता येईल. समोरचा उमेदवार आज कसा आहे, एवढेच पाहून भागत नाही. आपण त्याला सहा वर्षांसाठी निवडतो आहोत, तेव्हा मुदतीच्या अखेरच्या दिवशी तो कसा असेल, हे विचारले पाहिजे. यूटाचेच मिट रोम्नी यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये हा प्रश्न स्वतःला विचारला. दुसरी मुदत संपेपर्यंत आपण ऐंशीच्या मध्यावर असू, हे कारण देऊन त्यांनी ७६ व्या वर्षी, प्रकृती उत्तम असताना, निवृत्ती जाहीर केली. निवृत्तीचा निर्णय शक्ती असतानाच घ्यावयाचा असतो. शक्ती गेल्यावर तो घेण्याची शक्तीही उरत नाही.

आणि निवृत्ती म्हणजे अडगळीत जाणे नव्हे. सोळा वर्षे सिनेटमधील बहुमताचे नेतृत्व करणारे मॉन्टानाचे माइक मॅन्सफील्ड १९७७ च्या जानेवारीत ७३ व्या वर्षी आपण होऊन बाहेर पडले. कार्टर यांनी त्यांना जपानमध्ये राजदूत म्हणून पाठवले, रेगन यांनी विरोधी पक्षाचे असूनही त्यांना तेथेच ठेवले आणि १९८८ च्या अखेरीपर्यंत, वयाच्या ८५ व्या वर्षापर्यंत, त्यांनी ते काम केले. फरक एवढाच की, राजदूताचे पद कोणत्याही दिवशी काढून घेता येत होते आणि त्यांच्या मागची सिनेटमधील जागा दुसऱ्यासाठी मोकळी झाली होती. वानप्रस्थ म्हणजे संसाराचा द्वेष नव्हे. घराच्या किल्ल्या पुढच्या पिढीच्या हाती देऊन, ती बोलावील तेव्हा सल्ला देण्याची ती तयारी असते. ज्या सभागृहाचे नावच वार्धक्यावरून पडले आहे, त्याला ही तयारी अवघड वाटू नये.